शेपटी नाही पायली

साकोलीच्या पुढे, डांबर संपतं तिथून दोन मैल,
बोडीच्या पाराखाली फुलवंता दिघोरेची बांधी.
धान निघून गेलंय, ओलीत लाखोरी वीतभर,
ती वाकून भाजी खुडते आहे
आणि मी धुऱ्यावर, गळ्यात दुर्बीण, हातात छापील तक्ता:
प्रकाश कुठून? अंतर किती? आणखी कोणी पाहिलं?

तिच्या भाच्याने, रोमदेवने, कळवलं होतं:
मावशी म्हणते, आपल्याकडे पाणलावे दोन जातीचे.
मी हसलो होतो.
जिल्ह्याच्या यादीत एकच आहे,
आणि दुसऱ्याची खात्री हातात धरल्याशिवाय होत नाही,
शेपटीच्या कडेची पिसं बघावी लागतात,
टाचण्यांसारखी, ताठ.
बंदुकीच्या काळात सोपं होतं:
आधी पाडायचा, मग बारसं.

"सांग बाई, काय वेगळं?"
ती उठत नाही. खुडता खुडता बोलते.
"एक उठते तं पंखाले मागून पांढरा काठ,
लुगड्याले असते तसा, बारीक.
वाकडंतिकडं पळते, शिव्या देत.
दुसरं बिनकाठाचं जी.
जड उठते. एकदाच बोलते, नाक चोंदल्यावानी.
अन् लांब नाही जात,
पलीकडच्या धुऱ्यामागं बसते."

पुस्तकात हे तीन ओळींत आहे.
तिसरी ओळ मला आजवर कळली नव्हती.

पण उलटतपासणी हे माझं काम.
तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात,
ढोर बोलत नाही म्हणून मालकाला खोदायची सवय.
"ऊन तोंडावर असेल. काठ दिसला नसेल."
"पाठीवर होतं ऊन."
"पिल्लू असेल."
"इथं त्याची अंडी कोणं पायली कधी?"
"बरं. आणि शेपटी? कडेची पिसं?"

इथे लोक हो म्हणतात.
वनरक्षक म्हणतात, मास्तर म्हणतात,
नागपूरचे कॅमेरेवाले फोटो हलला तरी म्हणतात.
इथे मीही म्हणालो होतो,
अठ्ठ्याण्णवच्या पौषात, एका तळ्यावर, धुक्यात:
एक करडी बदकी, अर्धा मिनिट,
आणि चोचीच्या मुळाशी पांढरा ठिपका,
कारण मला तो हवा होता.
छापून आलं. जिल्ह्यातली पहिली नोंद,
खाली माझं नाव.
दर वाचनात तो ठिपका थोडा पुसट होत गेला.
आता तर बदकीही नीटशी आठवत नाही,
धुकं तेवढं आठवतं.

"शेपटी नाही पायली," फुलवंता म्हणते.
"नाही पायली तं कशी सांगू?"

तेवढ्यात तिच्या पायापासून हातभरावर
चिखलाचा एक तुकडा उठतो,
उन्हाकडे, नेमका उन्हाकडे,
नुसती काळी कातरण,
एक चोंदलेला शब्द,
आणि धुऱ्यामागे खाली.
दुर्बीण माझ्या छातीवरच.

"पायले?"
"आवाज ऐकला."
"काठ?"
"ऊन होतं."
"मंग तसंच लिहा."

शेवटच्या रकान्यात मी लिहितो: अनिर्णीत.
या एका शब्दाने किती जणांची तोंडं उतरवली मी.
तिला वाचून दाखवतो. ती मान डोलावते,
मापात धान बरोबर भरलं की डोलावतात तशी.
"नाव कोणाचं लिहू? नवऱ्याचं पुढे?"
"पायलं मीनं. माहं लिहा."

निघताना पदरातली मूठभर भाजी माझ्या पिशवीत.
"कवळी हाये. आजच करा, उद्या नाही पुरत."

एस्टीत पिशवी मांडीवर घेऊन
तक्त्याची दुसरी, कोरी प्रत काढतो.
निरीक्षकाचं नाव लिहितो, माझं.
दिनांक: अठ्ठ्याण्णव, पौष.
प्रकाश कुठून?
अंतर किती?
गाडी खड्ड्यातून जाते, अक्षर हलतं.
आणखी कोणी पाहिलं?